संध्याकाळी घरी? कुणाच्या?

"सकाळी गुडघा बदला, संध्याकाळी घरी जा!" असल्या जाहिराती हल्ली नातेवाइकांच्या फोनवर फिरतात. मला रागच येतो. तंत्र खोटं आहे म्हणून नव्हे. निवडक, धडधाकट पेशंट त्याच दिवशी घरी जातात, हे खरं आहे. राग आहे तो न सांगितलेल्या हिशोबाचा.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल देतात. ती किती टिकणार, हे औषधावर आणि डोसवर ठरतं. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या बुपिव्हॅकेनने पाय २ ते ४ तास, कधी जास्तही, बधिर राहतात. तोवर चालणं नाही. लघवीही कधीकधी अडते. मेपिव्हॅकेन लवकर उतरतं; पण मग दुखणंही लवकर जागं होतं, आणि ऑपरेशन लांबलं तर भूल अपुरी पडते.

आता हे आमच्या देवरीहून बघा. नागपूर सोडलं की भंडारा, लाखनी, साकोली... रात्री हायवेवर कळ उठली तर कुणाला हाक मारायची? जाहिरातीतलं 'घर' नागपुरातच असतं, लोकहो!

२०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. तासांचा हिशोब मात्र आपणच मागायचा. मामा, काकू, भूलतज्ज्ञांना आधीच विचारा: औषध कोणतं? पाय कधी हलतील? लघवी झाल्याशिवाय सोडणार का? उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ रात्रभर तिथेच राहा. एक रात्र जास्त राहण्यात कसला आलाय कमीपणा?