गोल खड्डा, चौकोनी बिल

बाजारतळाची शेड असो की स्मशानभूमीची, आपण पत्र्याचा रंग बघून परत येतो. खरा हिशेब खांबाखाली गाडलेला असतो.

गोल खड्ड्याचं काँक्रीट काढणं सोपं आहे. त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले खोली. व्यास २ फूट, खोली ३ फूट असेल तर ९.४२ घनफूट. तोच खड्डा २ बाय २ चौकोनी दाखवला की झाले १२! असे २० खड्डे धरा. ५० घनफुटांच्या वर, म्हणजे अर्ध्या ब्रासहून जास्त काँक्रीट नुसतं कागदावर. सांडलवंड म्हणून ५-१० टक्के जास्त लागतं, मान्य. इथे २७ टक्के वाढतात.

दुसरी गोम व्यासाची. २ फुटांचा दीड फूट केला की काँक्रीट जवळपास निम्म्यावर येतं. मग वळवाच्या वाऱ्यात ती शेड टिकणार कशी?

म्हणून खड्डे उघडे असतानाच टेप घेऊन जा. बुजले असतील तर माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिका मागा, अर्जाची फी १० रुपये आहे. पुस्तिकेतला खड्डा गोल आहे की चौकोनी, एवढं तरी बघा. पैसा आपलाच आहे.