पाच टक्क्यांचा ब्रश आणि अठरा टक्क्यांचा ब्रश

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या एका सभासदाने पत्रासोबत दोन बिले पाठवली आहेत. दुकान एकच. एका बिलावर मॅन्युअल टूथब्रश, जीएसटी पाच टक्के. दुसऱ्यावर चार्जिंगचा इलेक्ट्रिक टूथब्रश, जीएसटी अठरा टक्के. ब्रश ज्यांच्यासाठी घेतला त्या आजी पार्किन्सनच्या पेशंट आहेत, लोअर ओव्हरडेंचरखाली दोन इम्प्लांट आहेत आणि दोन्हींभोवती म्युकोसायटिस आहे. सभासदाने ब्रश लिहून दिला, मुलाने तो विकत आणला आणि बिल घेऊन परत येऊन विचारले, "डॉक्टर, टूथब्रश स्वस्त झाला म्हणतात, मग हा का नाही झाला?" या प्रश्नाला सभासदाकडे उत्तर नव्हते. उत्तर आहे, पण ते ऐकून कुणाचेही समाधान होणार नाही.

3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेची 56 वी बैठक झाली आणि 22 सप्टेंबरपासून टूथपेस्ट, टूथब्रश आणि डेंटल फ्लॉस अठरावरून पाच टक्क्यांवर आले. आपण सगळ्यांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण सवलत मिळाली ती 9603 21 या शीर्षकातील टूथब्रशला. इलेक्ट्रिक टूथब्रश त्या शीर्षकात येतच नाही. त्याच्या दांड्यात मोटर आहे, म्हणून तो 8509 मध्ये, मिक्सर-ग्राइंडर आणि ज्यूसर यांच्यासोबत, घरगुती विद्युत उपकरण म्हणून गणला जातो. तिथला दर अठरा टक्के होता आणि तसाच राहिला. म्हणजे प्लाक काढण्याचे एकच काम करणाऱ्या दोन साधनांपैकी एक आरोग्याच्या बाजूला पडले आणि दुसरे स्वयंपाकघराच्या ओट्यावर. कराचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय नामावलीप्रमाणे चालते हे आम्हाला मान्य आहे. पण दर किती ठेवायचा हे नामावली सांगत नाही, ते परिषद ठरवते. शीर्षक बदलायची गरजच नाही. 8509 खाली "इलेक्ट्रिक टूथब्रश, पाच टक्के" अशी एक ओळ लिहिली की काम भागते.

सवलत मूलभूत दंतस्वच्छतेच्या वस्तूंपुरती आहे, असा सरकारचा खुलासा आहे, आणि माउथवॉश त्याच कारणाने बाहेर राहिला. माउथवॉशबद्दल आमचा वाद नाही. क्लोरहेक्सिडीन रोज वापरायची वस्तू नाही, हे आपणच पेशंटला सांगतो. पण मूलभूत कुणासाठी, हा प्रश्न आम्ही विचारणारच. ज्याच्या बोटांना पकड नाही, मनगट वळत नाही किंवा हात सतत कापतो, त्याच्यासाठी मॉडिफाइड बास हे पुस्तकातले चित्र आहे. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हेमिप्लेजिया, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असलेली मुले, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचे दात घासणारी थकलेली सून, या सगळ्यांसाठी जाड दांड्याचा, स्वतः हलणारा ब्रश हीच मूलभूत वस्तू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये पार्किन्सन आणि सेरेब्रल पाल्सी यांची नावे आहेत. साहाय्यक साधनांना पाच टक्क्यांची सवलतही आहे. मग त्या यादीत पॉवर ब्रशचे नाव स्पष्ट लिहायला अडचण कोणती?

खरा बोजा तर दांड्याचा नाहीच, रीफिल हेडचा आहे. दांडा एकदा घेतला की पाच वर्षे चालू शकतो. हेड मात्र दर तीन महिन्यांनी बदलायचे असते. करापूर्वी चारशे रुपयांचे हेड धरले तर अठरा टक्क्यांनी बहात्तर रुपये कर, पाच टक्क्यांनी वीस. वर्षाला चार हेडांचा फरक दोनशे आठ रुपये होतो. मुंबई-पुण्याच्या पेशंटला तो जाणवणार नाही, पेन्शनवर जगणाऱ्याला जाणवतो. मग तो तेच हेड वर्षभर वापरतो, ब्रिसल्स फाकतात आणि सहा महिन्यांनी तुमच्या खुर्चीत पुन्हा जिंजिवायटिस घेऊन बसतो.

या हेडवर कर नेमका किती, याचे एका वाक्यात उत्तर देणे कठीण आहे. हेड हा यंत्राचा सुटा भाग मानला तर ते 8509 90 मध्ये जाईल. पण टॅरिफच्या सोळाव्या विभागाच्या पहिल्याच टिपेत म्हटले आहे की यंत्रांचे भाग म्हणून वापरायचे ब्रश या विभागात येत नाहीत, ते 9603 मध्ये जातात. आता 9603 मध्ये गेल्यावर ते 9603 50 मधला यंत्राचा ब्रश की 9603 21 मधला टूथब्रश? पाच टक्के फक्त या शेवटच्याला आहेत. नायलॉनचे ब्रिसल्स, तोंडात जाणारी वस्तू, दातावर फिरणारी वस्तू, तिला टूथब्रश म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? कुणी नोंदणीकृत विक्रेता अ‍ॅडव्हान्स रुलिंग मागू शकतो, पण तो निर्णय त्या अर्जदारापुरता आणि त्याच्या अधिकाऱ्यापुरताच बंधनकारक असतो. जळगावच्या दुकानदाराला कोल्हापूरच्या निर्णयाचा कायदेशीर आधार नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने एका पानाचे परिपत्रक काढले तर देशभराचा प्रश्न मिटेल. ते निघालेले नाही, कारण ते कुणी मागितलेले नाही. आणि मागायला हवे होते आपण.

इथे अधिकाऱ्यांवरचा राग थोडा बाजूला ठेवून आपल्या लोकांशी बोलावे लागेल. पेशंट "कोणता घेऊ" विचारतो तेव्हा आपल्यातले बरेच जण ड्रॉवरमधले कंपनीचे पत्रक काढून देतात, किंवा "कुठलाही घ्या, सगळे सारखेच" म्हणतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कोक्रेनचा 2014 चा आढावा आपल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. 56 चाचण्यांत पॉवर ब्रशने मॅन्युअलच्या तुलनेत पहिल्या तीन महिन्यांत प्लाक सुमारे 11 टक्के कमी केला, त्यानंतर 21 टक्के. जिंजिवायटिस अनुक्रमे 6 आणि 11 टक्के. सर्वाधिक पुरावा ऑसिलेटिंग-रोटेटिंग ब्रशचा होता. या फरकाचे क्लिनिकल महत्त्व अस्पष्ट असल्याचेही त्याच आढाव्यात नोंदवले आहे, हे विक्री प्रतिनिधी सांगत नाही. जर्मनीतल्या पोमेरानिया भागातल्या प्रौढांच्या 11 वर्षांच्या पाहणीत पॉवर ब्रश वापरणाऱ्यांचे पॉकेट कमी वाढले आणि दात अधिक टिकले. पण ती निरीक्षणात्मक पाहणी आहे. ब्रशवर खर्च करणारा माणूस दातांची इतर काळजीही घेत असतो, हे विसरून तो आकडा पेशंटला सांगू नये.

बॉक्सवरच्या आकड्यांना तर क्लिनिकमध्ये प्रवेशच देऊ नका. सोनिक ब्रश सेकंदाला साधारण 260 वेळा मागे-पुढे होतो. जाणे एक स्ट्रोक आणि येणे दुसरा, असे मोजले की मिनिटाला 31 हजार होतात. रोटेटिंग ब्रशची 8,800 ऑसिलेशन्स हा वेगळ्याच हालचालीचा हिशेब आहे, त्यात पल्सेशन्स निराळी मोजतात. या दोन आकड्यांची तुलना करणे व्यर्थ आहे. त्याहून वाईट म्हणजे बाजारातल्या अनेक स्वस्त ब्रशांत दांड्यात एक छोटी वजनाची मोटर फिरते आणि सगळा ब्रश थरथरतो. बॉक्सवर मात्र तेच 38 हजार, 40 हजार. दाताला टेकवल्यावर अ‍ॅम्प्लिट्यूड किती उरते हे कुठेच लिहिलेले नसते. पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांनुसार बॉक्सवर आयातदाराचे नाव, मूळ देश आणि एमआरपी असतेच. हालचालीचा प्रकार, प्रेशर सेन्सर आहे की नाही, आणि हेड किती वर्षे मिळेल, हेही सक्तीने लिहायला लावा, अशी मागणी आपण ग्राहक खात्याकडे केली पाहिजे. पॉवर ब्रशसाठी आयएसओ 20127 हे मानक आहे, पण त्यानुसार चाचणी झाली का, हे विचारायची सवय आपल्याला नाही.

क्लिनिकमध्ये निवड करायला फार वेळ लागत नाही. ब्रश चालू करून हेड बोटाच्या पेराला टेकवा आणि हलके दाबा. हालचाल मरते की टिकते ते लगेच समजते, आणि दांडा हेडपेक्षा जास्त थरथरत असेल तर तो ब्रश बाजूला ठेवा. रिसेशन आणि सर्व्हायकल अ‍ॅब्रेजन असलेल्या पेशंटला प्रेशर सेन्सरशिवायचा ब्रश लिहूच नका. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा दाब पुरेसा असतो आणि मॅन्युअलची सवय असलेला हात त्याच्या दुप्पट दाबतो. ब्रॅकेटवाल्या मुलांना लहान गोल हेड सोपे जाते. सोनिकच्या पाण्याच्या लाटांबद्दल प्रयोगशाळेत दिसलेले तोंडात सिद्ध झालेले नाही, तेव्हा इंटरप्रॉक्झिमल ब्रश आणि फ्लॉस सोनिक आणि रोटेटिंग दोन्ही वापरणाऱ्यांना लागतातच. पेसमेकर असेल तर चार्जरच्या चुंबकीय क्षेत्राबद्दल कार्डिओलॉजिस्टला विचारायला सांगा. आपल्या भागात आणखी एक गोष्ट कधीही विसरता कामा नये: पेशंट मिश्री लावतो का, हे आधी विचारा. मिश्रीने किंवा खरखरीत मंजनाने पॉवर ब्रश फिरवला तर वर्षभरात डेंटिन उघडे पडलेले दिसेल.

आणि हेड. गावातल्या मेडिकलमध्ये किंवा कुरियरने खात्रीने मिळणारे, आज, पुढच्या वर्षी आणि त्यापुढच्या वर्षीही. अनेक सभासदांनी लिहिले आहे की पेशंटने हौसेने ब्रश घेतला, वर्षभरात ते मॉडेल बंद झाले आणि दांडा कपाटात पडला. ज्या ब्रशचे हेड मिळत नाही त्याची किंमत कितीही कमी असो, तो महाग पडतो. पेशंटची हेडची वार्षिक ऐपत विचारल्याशिवाय ब्रशचे नाव कागदावर लिहू नका. ऐपत नसेल आणि हात नीट चालत असेल तर चांगला सॉफ्ट मॅन्युअल ब्रश आणि दोन मिनिटांचे तंत्र शिकवा. मॅन्युअल आणि पॉवर दोन्ही ब्रशने दात नीट स्वच्छ होतात, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनही सांगते. ब्रशच्या विक्रीवर कमिशन घेणाऱ्या सभासदांना एवढेच सांगतो की आपल्या नोंदणीच्या आचारसंहितेत अशा व्यवहाराला जागा नाही, आणि आपण कर कमी करा म्हणून सरकारकडे जाऊ तेव्हा पहिला प्रश्न आपल्याला याच व्यवहाराबद्दल विचारला जाईल.

तेव्हा आता उठा. प्रत्येक शाखेने या महिन्याच्या सभेत तीन ओळींचा ठराव करावा: इलेक्ट्रिक टूथब्रशला पाच टक्के दर, रीफिल हेड 9603 21 मध्ये येते असे स्पष्ट करणारे परिपत्रक, आणि दिव्यांगांच्या साहाय्यक साधनांच्या यादीत पॉवर ब्रशचे नाव. ठरावाची प्रत राज्याच्या अर्थमंत्र्यांना पाठवा, कारण परिषदेत महाराष्ट्रालाही आवाज आहे. दुसरी माझगावच्या राज्य जीएसटी कार्यालयात आणि तिसरी आपल्या खासदारांना. ठरावासोबत पुरावा लागेल. पेशंटची परवानगी घेऊन, नाव-पत्ता झाकून, इलेक्ट्रिक ब्रश आणि हेडच्या बिलांच्या छायाप्रती गोळा करा. त्यावर एचएसएन क्रमांक आणि कराचा दर स्पष्ट दिसायला हवा. एकाच हेडवर दोन दुकानांनी दोन वेगळे दर लावलेले आढळले तर तीच बिले सगळ्यांत महत्त्वाची आहेत. महिना संपण्यापूर्वी ती आमच्या कार्यालयात पाठवा. पुढच्या अंकात निवेदनाचा मसुदा छापू आणि बिलांचा गठ्ठा घेऊन आम्ही स्वतः माझगावला जाऊ.