यंत्र आले, दाम तोच



म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळायला ज्या बाया घरोघरी जातात, त्यांना आपण ‘मावशी’ किंवा ‘ब्युरोची बाई’ म्हणतो. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे त्यांचे काम. ‘बायकांना ते उपजतच येतं’ असे म्हणून समाजाने त्याला कधी कौशल्य मानले नाही. मग दाम तरी कसा मिळणार?

आता या कामात यंत्रे आली आहेत. रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, हवेची गादी. २०२० च्या कोरोनाकाळापासून ऑक्सिमीटरही. सातवी-आठवी शिकलेल्या बाया ही यंत्रे सफाईने हाताळताना मी कामानिमित्त नेहमी पाहते. नुसता आकडा वाचून भागत नाही. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. बोटाला गोड लागलेले असेल तर ग्लुकोमीटर साखर वाढवून दाखवतो. रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे लागते. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे यंत्राने जुने कौशल्य संपवले नाही, त्यावर नवे चढवले.

पण हे शिकवले कोणी? ‘मागच्या घरी नर्सताईंनी दाखवलं,’ असे उत्तर मिळते. शिकण्याचा दाखला नाही, पगारात वाढ नाही; चूक झाली तर जबाबदारी मात्र तिची. ‘आजी आज नेहमीसारख्या बोलत नाहीत’ हे तिला सकाळीच कळते, पण यंत्राचा आकडा ठीक असला की तिचे कोणी ऐकत नाही. त्यात भिंतीवर कॅमेरा. तो आजारी माणसासाठी बसवलेला, पण नजर बाईवर. बारा तासांच्या पाळीत घटकाभर पाठ टेकायचीही चोरी.

नर्स म्हणून तिची नोंद नाही, आणि मोलकरीण म्हणवून घेणे तिला नको असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण त्याखाली नोंदणी करता येते का, हे विचारायलाही या बाया आमच्याकडे क्वचितच येतात.

यंत्रांना आपला विरोध नाही. प्रश्न आहे तो श्रमाच्या मोलाचा. पगारी प्रशिक्षण, त्याचा दाखला, दाखल्यानुसार वाढीव वेतन, कामाचा लेखी करार आणि कॅमेरा कुठे, कशासाठी हे आधी सांगण्याचे बंधन, एवढ्या मागण्या तरी आपण लावून धरायला हव्यात.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांचे काम ‘काम’ म्हणून दिसू लागले. मावश्यांचे काम एकेका बंद दाराआड, एकेकटीने चालते; त्यांना एकत्र आणणे अवघड आहे. सुरुवात आपल्या घरापासून करता येईल. आपल्यातल्या कितीतरी जणी सभेला, मोर्चाला येऊ शकतात, कारण घरी सासू-सासऱ्यांजवळ एक मावशी बसलेली असते. तिचा पगार, तिची सुट्टी, तिचा करार यांवर पुढच्या बैठकीत बोलू या. आणि त्या बैठकीला तिलाही बोलावू या, भरपगारी रजा देऊन.