दाखल्यावरची मातृभाषा

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक मुलगी आई-वडिलांना घेऊन घरी आली. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. पुण्यात दोन वर्षं राहून ती इटालियन शिकली आणि आता तिला इटलीत जाऊन संवादशास्त्र शिकायचं आहे. वडिलांचा चेहरा उतरलेला. बसता बसताच म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा की हिला. आपले राजाराम महाराज इटलीला गेलेले. काय झालं म्हाईत हाय न्हवं?"

कंग्राळीत बसून इटली म्हटलं की आपल्या माणसाला हेच आठवणार. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं २०. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, खास परवानगी काढून, त्यांचं दहन झालं. तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही आहे. मी म्हटलं, "अहो, दीडशे वर्षं होऊन गेली त्याला. आणि परक्या गावानं आपल्या राजाला आपल्या रीतीनं अग्नी देऊ दिला, हेही बघा की." ते गप्प राहिले.

मुलीला जायचंय ते मात्र फ्लॉरेन्सला नाही. इटलीच्या पार उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून बोल्झानो नावाचा प्रांत आहे. तिथल्या विद्यापीठाचा 'संवादशास्त्र आणि संस्कृती' हा अभ्यासक्रम ब्रिक्सन या गावात चालतो. १९९७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात इटालियन, जर्मन आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून शिकवतात. असं का, हे ऐकल्यावर वडीलही जरा सरसावून बसले, कारण ती गोष्ट कुठल्याही सीमाभागातल्या माणसाला कळणारी आहे.

हा मुलूख मूळचा जर्मन बोलणारा. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहानं तो इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. लोकांनी घरात, गोठ्यात चोरून शाळा चालवल्या. १९३९ साली तर घरोघर विचारलं गेलं, की जर्मनीला जाता, की इथं राहून आपली भाषा सोडता? एकाच घरात भावाभावांत फूट पडली. सुमारे ७५ हजार लोक खरोखर निघून गेले. पुढं १९६१ मध्ये विजेचे मनोरे बॉम्बनं उडवले गेले. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानं वातावरण हळूहळू निवळलं आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांनी हा वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रसंघाला कळवलं. आज तिथं पाट्या दोन भाषांत असतात, काही खोऱ्यांत लादिन धरून तीन भाषांत. सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते.

आपला प्रश्न वेगळा, त्याचा इतिहास वेगळा. ओढून ताणून तुलना नको. पण तिथंही एक पेच सुटलेला नाही. सरकारी नोकरीसारख्या गोष्टींसाठी आपण कोणत्या भाषागटाचे हे लिहून द्यावं लागतं. आई जर्मन आणि वडील इटालियन असले, तरी शेवटी सही एकाच गटाखाली करायची.

हे सांगताना मी मुलीच्या आईकडे पाहिलं. तिचं माहेर गोकाककडचं, कन्नड. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा 'मराठी'. आपल्या जनगणनेतही मातृभाषा एकच लिहितात, बाकीच्या 'येणाऱ्या इतर भाषा'. मी स्वतः इतकी वर्षं प्रवेशाचे अर्ज तपासतो आहे. त्या रकान्यावर नजर टाकायची आणि पुढं जायचं. ज्या शब्दात 'माता' आहे, त्या रकान्यात बऱ्याच घरांतून मातेचीच भाषा नसते, हे मला कधी खटकलं नव्हतं.

एका शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलीला 'मला हा विषय का शिकायचा आहे' यावर पानभर लिहायचं होतं. तिनं मायकेलँजेलो, रोम, जागतिकीकरण असं बरंच छान छान लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "हे कुणीही लिहील. तू संवाद कुठं शिकलीस ते लिही." ती विचारात पडली आणि मग एकदम हसली. धाकट्या भावाच्या बारशाला दोन्ही आज्या शेजारी जेवायला बसल्या होत्या. गोकाकची अज्जी आमटीचा भुरका मारून म्हणाली, "उप्प कडिमि आगेद." म्हणजे मीठ कमी झालंय. इकडच्या आजीनं विचारलं, "काय म्हणत्यात गं?" आठ वर्षांची ही म्हणाली, "आमटी झकास झालीया म्हणत्यात." आजी खूश! तिनं आणखी दोन पळ्या वाढल्या आणि अज्जीनं त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

आम्ही सगळे हसलो. पण मीठ कमी आहे हे कुणाला, कसं आणि कधी सांगायचं, किंवा सांगायचंच नाही, हा सगळा संवादशास्त्राचाच धडा. दोन भाषांच्या घरातली मुलं तो फुकटात शिकतात आणि आपण मात्र त्यांना "धड हेही नाही, धड तेही नाही" म्हणून हिणवतो.

चार दिवसांनी मुलगी नवं पत्र दाखवायला आली. पहिल्याच ओळीत होतं, की मला दोन मातृभाषा आहेत. सोबत आई होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं हळूच विचारलं, "कन्नडानू बरदी एन?" कन्नडचंही लिहिलंस का? मुलीनं अख्खं पत्र तिला कन्नडमधून वाचून दाखवलं. आई पदरानं डोळे पुसत राहिली.

शिष्यवृत्ती मिळेल न मिळेल. वडील एवढंच म्हणाले, "पाठीव. फुडचं फुडं."

आपल्या घरातल्या दाखल्यांवरचा तो रकाना एकदा काढून बघा. छापील जागा एकाच शब्दाची आहे, ती लगेच बदलणार नाही. पण आपल्या लेकरांना तरी दोन्ही शब्द माहीत असू द्या, आणि दोन्ही अभिमानानं उच्चारता येऊ द्या.