घासलेला रुपया

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं शहर. चिंच लावून घासलं की भांडं लखलखतं. तीच माया जुन्या रुपयाला लावली, तर मात्र किंमत घसरते.

संग्राहकाला टाकसाळीतला मूळ तजेला हवा असतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर तो आधी केसांच्या, मुकुटाच्या उंच रेषा तपासतो. झीज तिथेच पहिली दिसते. विल्यम शेल्डनने १९४९मध्ये मांडलेल्या १ ते ७० अंकांच्या मापात ६०पासून पुढे फक्त न वापरलेली नाणी बसतात. घासलेलं नाणं, कितीही चकाको, तिथे नापास!

भंडारा जिल्ह्यातल्याच पवनीत सापडलेल्या सातवाहनकालीन नाण्यांना हे माप लावणं मात्र हास्यास्पद. ती कोणत्या थरात, कशासोबत सापडली, हे अधिक मोलाचं. शिवाय जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असं १८७८चा कायदा सांगतो.