धावत्या कुत्र्याला प्रथिने द्या, पण कच्ची कलेजी नको



हा ब्लॉग माणसांच्या आजारांवर असतो. मग आज कुत्र्याच्या खाण्यावर लेख कशाला, असे तुम्हाला वाटेल. अलीकडे रुग्ण तपासून झाला की उठता उठता एक प्रश्न हमखास येतो, “डॉक्टर, कुत्र्याला हाय प्रोटीन काय द्यावे?” कोणी महागडी डॉगफूडची बॅग आणलेली असते, कोणी स्वतःची जिमची पावडर देत असतो, तर कोणी मटणाच्या दुकानातून कच्ची फुप्फुसे आणि कलेजीचे तुकडे नेतो. मी कुत्र्यांचा डॉक्टर नाही. त्याच्या उपचारासाठी पशुवैद्यकांकडेच जा. पण यातल्या एका सवयीचा आजार माणसाला होतो, आणि तो माझ्या विषयात येतो. म्हणून हा लेख.

आधी बघा, तुमचा कुत्रा खरेच धावतो का?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तीन प्रकारचे कुत्रे दिसतात. एक, रात्रभर धानाच्या बांधीवर रानडुकरे हाकलणारा. दुसरा, मालकाबरोबर रोज सकाळी चार-पाच किलोमीटर पळणारा. तिसरा, दिवसभर व्हरांड्यात साखळीला बांधलेला आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणारा. पहिल्या दोघांना जास्त खाणे आणि जास्त प्रथिने लागतात. तिसऱ्याला लागत नाहीत. जास्तीची प्रथिने शरीर साठवून ठेवत नाही. ती जाळली जातात किंवा त्यांची चरबी होते. स्नायू व्यायामाने बनतात, प्रथिने फक्त त्याला माल पुरवतात. हे माणसाला लागू आहे तसेच कुत्र्यालाही.

फासळ्या दिसल्या म्हणजे प्रथिने कमी पडली, असेही नाही. कारवानी, पश्मी असे शिकारी बांध्याचे कुत्रे मुळातच सडपातळ असतात. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी, ही साधी खूण पुरे.

भात वाईट नाही, एकटा भात अपुरा आहे

“कुत्रा मांसाहारी, त्याला भात पचत नाही” असे आता सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढलेला हा प्राणी आहे. शिजवलेला भात त्याला चांगला पचतो.

अडचण वेगळी आहे. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम असतात. आपल्याकडे कुत्र्याच्या ताटलीत भात, पेज आणि वरून थोडे वरणाचे पाणी पडते. पोट भरते, प्रथिने मिळत नाहीत.

हिशेब करून पाहू. १५ किलो वजनाच्या, बऱ्यापैकी हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. अमेरिकेतील पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने मोठ्या कुत्र्यासाठी ठरवलेले किमान प्रमाण दर १०००  कॅलरींमागे ४५ ग्रॅम प्रथिने आहे. म्हणजे आपल्या कुत्र्याला किमान ३८ ग्रॅम हवीत. धावणाऱ्याला त्याहून जास्त दिलेली बरी. आता घरचे जेवण बघा:

- ४०० ग्रॅम शिजलेला भात: १० ग्रॅम प्रथिने
- दोन उकडलेली अंडी: १२ ग्रॅम
- १५० ग्रॅम बिनहाडाचे चिकन (वजन कच्चे, देताना शिजवून): सुमारे ३२ ग्रॅम

बेरीज ५४ ग्रॅम, आणि कॅलरीही ८४० च्या आसपास. चिकनऐवजी काटे काढलेली तळ्यातली मासळीही चालते. घरात मांस शिजत नसेल तर अंडी, पनीर, दही, चांगली शिजवलेली डाळ आणि भिजवून उकळलेल्या सोया वड्या आहेत. सोया वड्यांमध्ये कोरड्या वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिने असतात. मात्र हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात गॅस धरतो. फक्त घरच्या जेवणावर ठेवायचे असेल तर कॅल्शियम कमी पडते. ते किती आणि कोणते द्यायचे, हे पशुवैद्यकांना विचारा. पिल्ले आणि गाभण कुत्री यांची गरज वेगळी, त्यांचेही तिथेच विचारा.

रात्रभर पळणाऱ्या कुत्र्याचे खरे इंधन स्निग्धांश आहे, हेही ध्यानात ठेवा. अलास्काच्या बर्फातील इडिटारॉड शर्यतीत सुमारे १६०० किलोमीटर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना दिवसाला १०,००० कॅलरींपर्यंत खाणे लागते आणि त्यातला मोठा वाटा चरबीचा असतो. आपल्या बांधीवरच्या कुत्र्याला तेवढे नको, पण चिकनबरोबरची थोडी चरबी त्याच्या कामी येते.

बॅगेवरचा आकडा कसा वाचावा?

बॅग वाईट नाही. चांगल्या बॅगेत कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. पण आकड्याला फसू नका. कोरड्या दाण्यांवर २४ टक्के प्रथिने लिहिलेली असतात आणि ओल्या पाकिटावर ८ टक्के. ओले खाद्य कमी वाटते, पण त्यात ८० टक्के पाणीच असते. पाणी वजा केले तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिने, म्हणजे ४० टक्के होतात. कोरड्या दाण्यांत पाणी १० टक्के धरले तर तिथे २७ टक्क्यांच्या आसपास येतात. पाणी वगळूनच तुलना करा. “ॲक्टिव्ह” हा शब्द आणि उडी मारणाऱ्या कुत्र्याचे चित्र यांना अर्थ नाही.

जिमची पावडर मात्र अजिबात देऊ नका. काही पावडरींत गोडीसाठी झायलिटॉल असते. माणसाला ते चालते, पण कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते आणि त्यात तो दगावू शकतो. उरलेला सावजी रस्साही नको. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतड्यात रुततात.

आता माझ्या विषयाकडे: कच्ची कलेजी आणि फुप्फुसे

शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत आणि फुप्फुसांत कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्यांत एका फीतकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याने तो तुकडा कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे जंत तयार होतात. साधारण दीड महिन्यात त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो. ही अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, परसातल्या पालक-सांबारावर बसतात. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात जातात.

तिथून ती बहुतेक वेळा यकृतात आणि त्याखालोखाल फुप्फुसात जाऊन बसतात. गाठ तयार होते. तिला आम्ही हायडॅटिड सिस्ट म्हणतो. ती इतकी सावकाश वाढते की वर्षानुवर्षे काहीच त्रास नसतो. मग उजव्या बरगडीखाली जडपणा येतो, किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अचानक दिसते. काहींना अनेक महिने गोळ्या, काहींना सुईने गाठ रिकामी करणे, काहींना मोठी शस्त्रक्रिया लागते. गाठ पोटात फुटली तर तीव्र ॲलर्जी होऊन जीवावर बेतू शकते. आज अंगणात टाकलेल्या कच्च्या तुकड्याची किंमत दहा वर्षांनी घरातले मूल मोजते, असा हा व्यवहार आहे.

एक खुलासा: मटण खाल्ल्याने माणसाला हा आजार होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे होतो. म्हणून मटण किंवा कुत्रा सोडायची गरज नाही. दोघांच्या मधला कच्चा तुकडा तेवढा बंद करायचा.

“नागझिऱ्यातले रानकुत्रे कच्चेच खातात ना?” असे कोणी म्हणेल. खातात. पण रानकुत्रा ही वेगळीच प्रजाती आहे, आणि तो आपल्या ओसरीवर झोपत नाही, मुलांचे तोंड चाटत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ही जबाबदारी एकट्या कुत्रेवाल्याची नाही. मटणाच्या दुकानामागे उघड्यावर टाकलेले अवयव भटके कुत्रे खातात आणि गावभर फिरतात. दुकानदारांनी झाकणाचे ड्रम ठेवावेत. नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतीने ते नियमित उचलावेत. मेलेली शेळी नाल्यात न फेकता खोल पुरावी. या साध्या गोष्टींसाठी आपणही आग्रह धरला पाहिजे.

थोडक्यात

- धावणाऱ्या कुत्र्याच्या भातात अंडे, चिकन, मासळी किंवा सोया वड्या घाला.
- कलेजी-फुप्फुसे द्यायचीच असतील तर लहान तुकडे करून किमान अर्धा तास खळखळ उकळा.
- जंताचे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, वजनानुसार, ठरलेल्या अंतराने द्या. फीतकृमीवर कोणते चालते, हे मुद्दाम विचारा.
- कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. मुलांना ही सवय लावा. परसातला भाजीपाला वाहत्या पाण्यात धुवा.
- रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

कुत्र्याला चांगले खाऊ घाला, तो तुमच्या धानाची राखण करतो. फक्त त्याचे भांडे चुलीवरून उतरलेले असू द्या.