तो मीच आहे हो!

सकाळी साडेदहाची वेळ. काउंटरपुढे पासबुकवाल्यांची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली, आणि तेवढ्यात मेव्हण्याचा फोन.

"भावोजी, कोणत्या हॉस्पिटलात आहात?"

"हॉस्पिटलात? मी बँकेत आहे."

"मग ठीक. मला संशय आलाच होता. मेलमधलं इंग्रजी फार चांगलं होतं."

अशा रीतीने मला कळलं की माझं ई-मेल खातं आता माझं राहिलेलं नाही. कुणा सद्गृहस्थानं त्यात शिरून पासवर्ड बदलला होता आणि माझ्या पत्त्यांच्या वहीतल्या झाडून सगळ्यांना, म्हणजे चुलत्यांपासून नळदुरुस्तीवाल्यापर्यंत, पत्रं धाडली होती. मी बंगलोरला कामानिमित्त आलोय, अपघात झालाय, फोन-पाकीट गेलंय, सोबतच्या मित्राच्या खात्यावर पैसे पाठवा, आणि घरी बोलू नका, उगाच घाबरतील. या शेवटच्या वाक्यासाठी मी चोराला मानतो. मध्यमवर्गीय कुटुंबाचा त्याचा अभ्यास दांडगा असला पाहिजे.

नंतर जो तो एकच प्रश्न विचारू लागला, "पासवर्ड काय ठेवला होतास?" घर फुटलं की शेजारी कुलपाची कंपनी विचारतात, तसंच हे. आता खरं सांगतो. दोन दिवस आधी मला 'तुमची पत्रपेटी भरली आहे, चोवीस तासांत खातं बंद होईल' असा मेल आला होता. मी घाबरून त्यातली निळी ओळ दाबली आणि समोर आलेल्या पानावर पासवर्ड इमानेइतबारे भरून दिला. 'अनोळखी लिंक दाबू नका' हा फलक आमच्या शाखेत मीच स्टुलावर चढून लावलाय. तेव्हा मूर्खपणा कबूल! पण मूर्ख माणसाचं खातं त्याच्या मालकीचं नसतं, असा कायदा मी तरी बी. कॉम.ला वाचला नाही.

माझं भांडण चोराशी नाही. चोरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ सी आणि ६६ डी ही कलमं आहेत, तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. त्याचं तो आणि पोलीस पाहून घेतील. भांडण आहे ते मेलवाल्या कंपनीशी, म्हणजे तिच्या यंत्राशी. कारण माणूस तिथं मला भेटलाच नाही. यंत्र म्हणालं, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. करतो. मग तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा भरा. मोबाइल नंबर चोरानं बदललेला. मग तुमच्या मेलवर पाठवलेला आकडा भरा. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवलीय, उघडून घ्या! मग विचारलं, हे खातं कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात उघडलंत? अहो, मला लग्नाची तारीख बायकोनं सांगावी लागते.

आणि या खटपटीच्या प्रत्येक खेपेला यंत्र तत्परतेनं चोराला कळवत होतं, 'तुमच्या खात्यात कुणीतरी शिरू पाहत आहे. ते तुम्हीच आहात का?' चोर दर खेपेला 'नाही' दाबत असणार. आचार्य अत्र्यांच्या नाटकातला लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून 'तो मी नव्हेच' म्हणायचा. इथं खरा माणूस 'तो मीच आहे हो' म्हणून ओरडतोय आणि त्याला उलटतपासणी घ्यायलासुद्धा कुणी नाही.

आम्हा बँकवाल्यांना लोक काय काय बोलतात! सही जुळत नाही म्हटलं की खवळतात, आधार कार्ड मागितलं की आमचे पूर्वज काढतात. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण शिव्या कारकुनाच्याच मिळतात. तरी आमच्याकडे एक खिडकी आहे, खिडकीमागं माणूस आहे. तो जेवायला गेला असेल, पण परत येतो. तुमच्या खात्यातून परस्पर पैसे गेले आणि बँक म्हणाली चूक तुमची, तर ती सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली लिहून दिलंय. बँकेनं ऐकलं नाही तर वर लोकपाल आहे. मेलवाल्यांनाही २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमायला लावलाय आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायला सांगितलंय. बायकोच्या मेलवरून मी तक्रार केली. पोच आली, नियमाप्रमाणे वेळेत आली. ती यंत्रानं दिली होती, आणि पुढच्या मदतीसाठी 'आपल्या नोंदणीकृत मेलवरून संपर्क साधा' असं तीत लिहिलं होतं.

मेव्हणा म्हणतो, फुकटची सेवा, आणखी काय पाहिजे? फुकटच्या पाणपोईवरही एक म्हातारा बसलेला असतो हो. शिवाय पोराची ॲडमिशन आणि प्राप्तिकराच्या नोटिसा ज्या पत्त्यावर येतात, तो पत्ता फुकट म्हणून फुंकून टाकायचा की काय?

नवव्या दिवशी सुटका झाली ती अशी. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी वर्षानुवर्षं मेल बघायचो. तिथं बसून जुना पासवर्ड टाकला आणि यंत्र एकदम विरघळलं. माझ्यावर विश्वास नव्हता. डुगडुगत्या टेबलावरच्या त्या खोक्यावर होता. त्यानं जामीन राहून मला सोडवलं.

आत शिरल्यावर चोराची कारागिरी दिसली. माझ्या प्रत्येक मेलची नक्कल परस्पर त्याच्याकडे जाईल, अशी सोय त्यानं करून ठेवली होती. नुसता पासवर्ड बदलून गप्प बसलो असतो तर आजही तो माझी पत्रं वाचत बसला असता. शिवाय 'पैसे' किंवा 'अपघात' शब्द असलेलं उत्तर आलं की ते थेट कचरापेटीत, असा नियम घातलेला. म्हणून पेटी उपसली. गेल्या दिवाळीत माझ्याकडून तीन हजार नेलेल्या मित्रानं 'तब्येतीस जप' एवढंच कळवलं होतं. आणि खाली सांगलीच्या आत्याचा मेल. 'बारा हजार पाठवले आहेत. पोचले का? कुणाला बोलले नाही. काळजी करू नकोस.'

१९३० ला फोन लावला. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. मी नऊ दिवसांनी कळवत होतो.

शनिवारी एस.टी.नं सांगलीला गेलो. आत्या बँकेत जाऊन पैसे भरून आली होती. तिथल्या कारकुनानं विचारलं होतं म्हणे, "आजी, खात्यावर नाव भलतंच आहे, ओळखता का यांना?" आत्यानं त्याला झापलं. "माझ्या भाच्याचा मित्र आहे, तू आपलं काम कर!" मी पैसे पुढं केले, तिनं घेतले नाहीत. त्या कारकुनाला मात्र दोघांनी जाऊन भेटायचं ठरलंय.

हे सगळं बोलणं घरात झालं. त्याआधी मी बेल वाजवली, तेव्हा आत्यानं लगेच दार उघडलं नव्हतं. आधी खिडकीतून नीट पाहून घेतलं, मग कडी काढली.